राज्यकारभारांत ख्रिस्तमंडळीचें स्थान



इ. स. २०२३ च्या मे महिन्याच्या ६ व्या तारखेस लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबे या पुरातन देवळांत राजे तिसरे चार्ल्स यांस राज्याभिषेक झाला. त्या समारंभाकडे जो लक्षपूर्वक पाहील त्यास एक कोडें पडल्यावांचून राहणार नाहीं. कँटरबरीच्या आर्चबिशपांनीं राजाकडून शपथ घेवविली. त्यांनींच त्यास पवित्र तेलानें अभिषेक केला. आणि अखेरीस त्यांनींच त्याच्या मस्तकावर मुकुट ठेविला. हें पाहून कोणीही म्हणेल कीं, धर्मगुरु श्रेष्ठ व राजा कनिष्ठ. परंतु या आर्चबिशपांची नेमणूक राजमुकुटाच्या नांवानें व मुख्य प्रधानांच्या सल्ल्यानें होत असते, आणि इंग्लंडच्या चर्चचा 'सर्वोच्च अधिपति' ही पदवी राजाचीच आहे. हें ध्यानांत घेतलें म्हणजे राजा श्रेष्ठ व धर्मगुरु कनिष्ठ असें ठरतें! त्यांत आणखी एक विशेष असा कीं, त्या दिवशीं पवित्र शास्त्रांतील पाठ वाचण्याचा मान ज्या मुख्य प्रधानांकडे होता ते ऋषि सुनक हे हिंदुधर्मीय होते. आणि त्यांच्या कारकीर्दींत नव्या बिशपांचीं नांवें त्यांच्याच हातून राजाकडे जात असत.

मग खरी सत्ता कोणाची? ख्रिस्तमंडळी ही राज्याची स्वामिनी आहे, राज्याची दासी आहे, कीं या दोहोंहून निराळी अशी कांहीं आहे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विचारासाठीं आम्हीं इंग्लंडचा इतिहास घेतला आहे. कारण मंडळी आणि राजसत्ता यांचें नातें जितक्या प्रकारांनीं जुळूं व बिघडूं शकतें त्यांपैकीं बहुतेक प्रकार त्या एका देशांत घडून गेले आहेत, आणि त्यांचे पडसाद पूर्वींच्या मुंबई इलाख्यांतही उमटले आहेत.

हा प्रश्न आपणांस परका नाहीं. मिशनच्या शाळेंत एकाच बाकावर निरनिराळ्या धर्मांचीं मुलें बसतात. त्यांपैकीं एखाद्या ख्रिस्ती मुलास मनांतून वाटत असतें कीं, आपल्या मंडळीच्या हातीं थोडी सत्ता असती तर किती चांगलें झालें असतें! त्याच्या शेजारीं बसलेल्या मुलास वाटत असतें कीं, या मंडळीचा डोळा सत्तेवरच असावा. एकाची ती आशा, दुसऱ्याची ती भीति. दोघांनींही पुढील हकीकत शांतपणें वाचावी अशी आमची विनंती आहे.

१. मूळ शिकवण

प्रभु येशूस पेंचांत धरण्याच्या हेतूनें त्याच्या विरोधकांनीं एकदां विचारिलें कीं, रोमच्या बादशहास कर द्यावा कीं देऊं नये? त्यानें एक नाणें मागून घेतलें, त्यावर मुद्रा कोणाची आहे हें त्यांच्याच तोंडून वदविलें, आणि बादशहाचें जें असेल तें त्यास व देवाचें जें असेल तें देवास द्यावें असा निवाडा केला. या निवाड्याचे दोन भाग आहेत, परंतु पुष्कळ लोक पहिलाच तेवढा ध्यानांत ठेवितात. राजाचा म्हणून कांहीं खरा हक्क आहे, हा पहिला भाग. त्या हक्कास सीमा आहे, हा दुसरा. नाण्यावर बादशहाची मुद्रा आहे म्हणून नाणें त्याचें. पण मनुष्य देवाच्या प्रतिमेप्रमाणें निर्माण झाला आहे असें शास्त्र सांगतें; म्हणून मनुष्य सर्वस्वीं कोणत्याही बादशहाचा होऊं शकत नाहीं.

जुन्या करारांत नाथान संदेष्ट्याची कथा आहे. दावीद राजानें आपल्या एका सैनिकाची बायको हरण केली व त्या सैनिकास युद्धांत पुढें घालून मारविलें. नाथान दरबारांत गेला. त्यानें राजास एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची, व ती हिरावून घेणाऱ्या धनिकाची गोष्ट सांगितली. आणि राजा त्या धनिकावर संतापला तेव्हां, तो धनिक म्हणजे राजा स्वतःच आहे, असें त्यास तोंडावर सांगितलें. नाथानानें सिंहासन मागितलें नाहीं, किंवा राजास पदच्युत करण्याचा उद्योगही केला नाहीं. पण तो गप्पही बसला नाहीं. राज्यकारभारांत मंडळीचें स्थान कोणतें, याचा नमुना या कथेंत आहे असें आम्हांस वाटतें.

पहिलीं सुमारें तीनशें वर्षें ख्रिस्ती लोकांच्या हातीं कोणतीच सत्ता नव्हती. छळ मात्र वारंवार होई. इ. स. ३१३ त कॉन्स्टंटाइन बादशहाच्या काळीं त्यांस धर्मस्वातंत्र्य मिळालें, आणि ३८० त थिओडोशियस बादशहानें ख्रिस्ती धर्म हा साम्राज्याचा धर्म ठरविला. त्यानंतर दहाच वर्षांनीं, ३९० त, याच बादशहाच्या हुकुमावरून थेस्सलनीका शहरांत लोकांची मोठी कत्तल झाली. तेव्हां मिलानचा बिशप अँब्रोज यानें, प्रायश्चित्त घेतल्यावांचून बादशहास प्रभुभोजनांत भाग देण्याचें नाकारिलें. आणि बादशहानें प्रायश्चित्त घेतलें. राजाश्रय मिळाल्यावरही नाथानाचें काम करतां येतें, हें अँब्रोजनें दाखविलें. तें किती कठीण आहे, हें पुढील शतकांनीं दाखविलें.

२. राजा आणि आर्चबिशप

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री यानें ११६२ त आपला विश्वासू अधिकारी टॉमस बेकेट यास कँटरबरीचा आर्चबिशप केलें. आपला मनुष्य त्या जागीं बसला म्हणजे मंडळी मुठींत आली, असा त्याचा हिशेब होता. पण आर्चबिशप होतांच बेकेट मंडळीच्या हक्कांसाठीं राजाविरुद्ध उभा राहिला, आणि ता. २९ डिसेंबर ११७० रोजीं राजाच्या चार सरदारांनीं त्यास त्याच्याच देवळांत ठार मारिलें. या झगड्यांत सर्व न्याय बेकेटच्याच बाजूस होता असें मात्र समजूं नये. अपराधी पाद्र्यांस राजाच्या न्यायालयाची शिक्षा होऊं नये, असा त्याचा एक आग्रह होता, व तो आज कोणी समंजस मनुष्य मान्य करणार नाहीं. मंडळीचें स्वातंत्र्य ही एक गोष्ट आहे. मंडळीच्या सेवकांनीं कायद्यांतून सवलत मागणें ही अगदीं दुसरी गोष्ट आहे. पहिलीसाठीं प्राण द्यावा. दुसरीसाठीं शब्दही खर्चूं नये.

पुढें १२१५ त जॉन राजाकडून प्रजेच्या सरदारांनीं मॅग्ना कार्टा नांवाची सनद मिळविली. त्या खटपटींत आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांचा मोठा भाग होता. त्या सनदेच्या पहिल्याच कलमांत इंग्लंडची ख्रिस्तमंडळी स्वतंत्र राहील असें वचन आहे, आणि त्याच सनदेंत, देशाच्या कायद्यावांचून कोणाही स्वतंत्र मनुष्यास कैद करूं नये, असेंही वचन आहे. हीं दोन वचनें एकाच कागदावर आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. मंडळीनें स्वतःच्या स्वातंत्र्याबरोबर इतरांचेंही स्वातंत्र्य मागितलें, तेव्हां तिचें मागणें राष्ट्राचें मागणें झालें.

सोळाव्या शतकांत सर्व चित्र पालटलें. राजा आठवा हेन्री यास आपल्या राणीशीं झालेला विवाह रद्द करून हवा होता. रोमच्या पोपनें त्यास संमति दिली नाहीं. तेव्हां १५३४ त पार्लमेंटनें कायदा करून राजासच इंग्लंडच्या मंडळीचें मस्तक ठरविलें. हें मान्य न करणारे रोचेस्टरचे बिशप जॉन फिशर आणि माजी चॅन्सेलर सर टॉमस मोर या दोघांचाही १५३५ त शिरच्छेद झाला. १५३६ ते १५४० या काळांत देशांतील मठ बंद करून त्यांची मालमत्ता सरकारजमा करण्यांत आली. १५५९ त एलिझाबेथ राणीनें 'मस्तक' हा शब्द सोडून 'सर्वोच्च अधिपति' हा सौम्य शब्द घेतला. पण अधिकार तोच राहिला. या काळांत इंग्लंडांत धर्मसुधारणा झाली, आणि पवित्र शास्त्र सामान्य लोकांच्या भाषेंत त्यांच्या हातीं आलें, हा मोठाच लाभ झाला. परंतु राजाच्या मुठींतून मिळालेल्या लाभाची किंमतही मंडळीस द्यावी लागली. ती कोणती तें आतां पाहूं.

३. राजाश्रयाची किंमत

पहिली किंमत ही कीं, जी मंडळी पूर्वीं छळ सोशीत होती तीच आतां छळ करूं लागली. १६६२ च्या कायद्यानें सर्व पाद्र्यांस सरकारमान्य प्रार्थनापुस्तकाप्रमाणेंच उपासना करण्याची सक्ति झाली. हा कायदा होण्याच्या सुमारास, त्या एकाच राजवटींत, सुमारें दोन हजार पाद्र्यांस आपलीं पदें सोडावीं लागलीं. बेडफर्ड गांवचा जॉन बन्यन हा भांडीं दुरुस्त करणारा कारागीर परवान्यावांचून उपदेश करी, म्हणून त्यास १६६० पासून बारा वर्षें तुरुंगांत काढावीं लागलीं. याच बन्यनचें यात्रेकरूच्या प्रवासावरील रूपक पुढें जगप्रसिद्ध झालें, आणि हरि केशवजी यांनीं १८४१ त 'यात्रिकक्रमण' या नांवानें तें मराठींत आणिलें. ज्या बिशपांच्या राज्यांत तो कैद होता त्यांपैकीं एकाचें तरी नांव आमच्या वाचकांस ठाऊक असेल काय?

दुसरी किंमत याहून सूक्ष्म आहे. १६७३ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, ज्यास सरकारी अधिकाराची जागा हवी असेल त्यानें इंग्लंडच्या चर्चमध्यें प्रभुभोजन घेतल्याचा दाखला आणावा. ख्रिस्ताच्या मरणाचें स्मरण म्हणून जो विधि भक्तांनीं नम्रपणें करावयाचा, तो या कायद्यानें नोकरीचा परवाना झाला! भाव असो वा नसो, जागा हवी असेल तर वेदीपुढें गुडघे टेकावे लागत. धर्माचें रक्षण करण्याकरितां केलेल्या कायद्यानें धर्माच्या गाभ्यांतच ढोंग शिरलें. ही परीक्षा तब्बल १५५ वर्षें चालून १८२८ त रद्द झाली. रोमन कॅथोलिकांस पार्लमेंटांत बसण्याचा हक्क १८२९ त, व यहुदी लोकांस १८५८ त मिळाला.

तिसरी किंमत अशी कीं, मंडळीस स्वतःच्या घरांतही स्वतःचें चालवितां येईना. मंडळीच्या सभेनें मान्य केलेलें सुधारलेलें प्रार्थनापुस्तक पार्लमेंटच्या लोकसभेनें १९२७ त फेटाळिलें, व दुरुस्त करून पुन्हां पाठविलें तेव्हां १९२८ त पुन्हां फेटाळिलें. देवाची प्रार्थना कोणत्या शब्दांनीं करावी हें मतदानानें ठरलें. आणि मत देणाऱ्यांत त्या चर्चचे सभासद नसलेले गृहस्थही होते. आपली उपासनापद्धति स्वतः ठरविण्याचा पक्का अधिकार त्या चर्चला १९७४ सालीं मिळाला.

४. दोन परीक्षा

मंडळी राज्याच्या गादीवर टेकून बसली म्हणजे तिची जीभ कशी जड होते, याचीं दोन उदाहरणें आम्ही देतों.

पहिलें उदाहरण गुलामांच्या व्यापाराचें. या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटपुढें १७८३ त ज्यांनीं अर्ज केला ते क्वेकर पंथाचे लोक होते. शपथ घेणें त्यांच्या मताविरुद्ध असल्यामुळें त्यांपैकीं कोणासही पार्लमेंटांत बसतां येत नव्हतें. १७८७ त लंडनमध्यें जी गुलामविरोधी समिति स्थापन झाली तिच्या बारा सभासदांपैकीं नऊ क्वेकर होते. आणि त्याच काळीं राजमान्य चर्चच्या एका धर्मप्रसारक संस्थेची स्थिति काय होती? वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर मृत्युपत्रानें मिळालेले कॉड्रिंग्टन नांवाचे उंसाचे मळे तिच्या मालकीचे होते. तेथें गुलाम राबत होते. आणि ते कोणाचे हें समजावें म्हणून त्यांच्या अंगावर संस्थेच्या नांवाचा डाग देण्याची चाल कांहीं काळ होती. १८३३ च्या कायद्यानें गुलामगिरी बंद झाली तेव्हां मालकांस दोन कोटि पौंड नुकसानभरपाई मिळाली, गुलामांस कांहींच मिळालें नाहीं. आणि भरपाई घेणाऱ्यांत ही संस्थाही होती. इंग्लंडच्या चर्चच्या महासभेनें या सर्व पापाबद्दल २००६ त जाहीर क्षमा मागितली. येथें न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, पार्लमेंटांत हा लढा वीस वर्षें लढून १८०७ त गुलामांचा व्यापार बंद करविणारे विल्यम विल्बरफोर्स हे त्याच राजमान्य चर्चचे सभासद होते. परंतु ते बिशप नव्हते. ते एक साधे श्रद्धावान गृहस्थ होते.

दुसरें उदाहरण मताधिकाराचें. पार्लमेंटच्या उमरावसभेंत बिशपांस जागा आहेत; त्यांची संख्या १८४७ च्या कायद्यापासून २६ अशी कायम आहे. १८३१ त अधिक लोकांस मताधिकार देणारें व निर्जन झालेल्या गांवांच्या जागा काढून घेणारें बिल या सभेपुढें आलें. ता. ८ ऑक्टोबर रोजीं मतें मोजलीं तेव्हां बिलाविरुद्ध १९९ व बाजूनें १५८ भरलीं. विरुद्ध मत देणाऱ्यांत २१ बिशप होते. आतां विद्यार्थ्यांनीं स्वतः गणित करून पाहावें: हे २१ बिशप दुसऱ्या बाजूस गेले असते तर विरुद्ध १७८ व बाजूनें १७९ मतें होऊन बिल एका मतानें पसार झालें असतें! लोकांनींही हें गणित केलें. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिस्टल शहरांत दंगा झाला आणि बिशपांचा वाडा जमावानें जाळून टाकिला. जाळपोळीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण मेंढरांनीं मेंढपाळाच्या घरास आग लावावी, अशी वेळ कां आली, याचा विचार मेंढपाळानें केला पाहिजे. बिल पुढच्या वर्षीं, १८३२ त, मंजूर झालेंच.

यापुढें ब्रिटिश बेटांतच राजाश्रयाची गांठ ठिकठिकाणीं सुटूं लागली. आयर्लंडांतील बहुसंख्य लोक रोमन कॅथोलिक असतां तेथें इंग्लंडच्या चर्चची शाखा राजमान्य होती. ग्लॅडस्टन यांनीं १८६९ च्या कायद्यानें तो प्रकार बंद केला, व १८७१ पासून तें चर्च स्वतंत्र झालें. वेल्समध्यें तीच गोष्ट १९२० त घडली. राजाश्रय गेल्यानें या मंडळ्या मरतील असें भाकित करणारे पुष्कळ होते. त्या दोन्ही मंडळ्या आजही जिवंत आहेत.

५. आसनाचा सदुपयोग

तर मग बिशपांनीं राज्यसभेंत बसूंच नये काय? हा प्रश्न इतका सोपा नाहीं. कारण त्याच आसनावरून मोठीं धैर्याचीं भाषणेंही झालेलीं आहेत.

ता. ९ फेब्रुवारी १९४४ हा दिवस घ्या. दुसरें महायुद्ध ऐन भरांत होतें. ब्रिटिश विमानें जर्मनीचीं शहरेंच्या शहरें रात्रीं बाँबनें उद्ध्वस्त करीत होतीं, आणि जर्मन बाँबचे घाव सोसलेल्या इंग्लंडांत या बातम्यांनीं पुष्कळांस समाधान वाटत होतें. अशा वेळीं चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल उमरावसभेंत उभे राहिले. कारखाने व लष्करी ठाणीं यांवर हल्ला करणें वेगळें, आणि बायकामुलांनीं भरलेलें सबंध शहर नष्ट करणें वेगळें, असें त्यांनीं स्वतःच्या सरकारास विचारपूर्वक सांगितलें, आणि या धोरणाचा जाब मागितला. बेल यांचा हिटलरविषयीं पक्षपात होता असें कोणीही म्हणूं शकलें नसतें. जर्मनींतून पळून आलेल्या निर्वासितांस त्यांनींच आश्रय मिळवून दिला होता, आणि हिटलरच्या हुकुमशाहीस विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजीं फांशीं गेलेले जर्मन पाद्री डीट्रिख बोनहोफर हे त्यांचे स्नेही होते. बेल यांच्या भाषणानें बाँब पडावयाचे थांबले नाहींत. परंतु राष्ट्र रागानें आंधळें झालें असतां एका तरी मनुष्यानें त्याच्या सभेंत उभें राहून सत्य उच्चारिलें, ही नोंद कायमची राहिली.

१९८२ त फॉकलंड बेटांवरून ब्रिटन व अर्जेंटिना यांमध्यें युद्ध झालें, व ब्रिटनचा जय झाला. लंडनच्या सेंट पॉल देवळांतील उपासनेंत आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनीं विजयाचा जयघोष करण्याऐवजीं दोन्ही बाजूंच्या मृतांच्या आप्तेष्टांची आठवण केली. राज्यकर्त्या पक्षांतील कित्येकांस तें रुचलें नाहीं. पण शत्रूच्या आईचेंही अश्रु खरे असतात, हें देवळांत नाहीं सांगावयाचें तर कोठें सांगावयाचें?

यावरून असें दिसतें कीं, दोष आसनाचा नसून, आसन जाईल या भीतीचा आहे. बेल व रन्सी यांस राजसभेंत मान होता. पण तो मान राखण्यासाठीं त्यांनीं जीभ आवरली नाहीं. १८३१ च्या एकवीस बिशपांस आसन प्रिय झालें होतें. भेद इतकाच, पण तो जमीनअस्मानाचा आहे.

६. आपल्या देशांतील अनुभव

आतां या इतिहासाचे धागे आपल्याकडे कसे आले तें पाहूं. १८१३ च्या सनदी कायद्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलुखासाठीं कलकत्त्यास एक बिशप व तीन आर्चडीकन नेमण्याचें ठरलें. १८३३ च्या कायद्यान्वयें मद्रास व मुंबई येथेंही बिशपांच्या गाद्या झाल्या. मुंबईचे पहिले बिशप टॉमस कार यांची नेमणूक १८३७ त झाली. मुंबईच्या ज्या सेंट थॉमस देवळावरून किल्ल्याच्या वेशीस 'चर्चगेट' हें नांव पडलें, तें त्यांचें मुख्य देऊळ झालें. या बिशपांचा व सरकारी चॅप्लेनांचा पगार हिंदुस्थानच्या वसुलांतून निघे. म्हणजे ज्या रयतेनें त्या देवळांत कधीं पाऊल टाकिलें नाहीं तिच्या करांतून हा खर्च होत असे. चॅप्लेनांचें मुख्य काम कंपनीचे नोकर व गोरे शिपाई यांच्यांतलें होतें. ख्रिस्ती धर्म म्हणजे साहेबाचा धर्म, ही समजूत लोकांत कां रुजली, याचें एक कारण येथें सांपडतें.

याच वेळची दुसरी हकीकत पाहावी. १८१३ च्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांच्यामागें कोणतीही राजसत्ता नव्हती. उलट कंपनी सरकारनें त्यांस देश सोडून जाण्याचा हुकूम दिला. पुष्कळ अर्जविनंत्या झाल्यावर त्यांस राहण्याची परवानगी मिळाली. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशननें मराठी भाषेचा अभ्यास केला, शाळा काढिल्या, १८२४ त मुंबईंत मुलींची शाळा उघडली, आणि १८४२ त अहमदनगराहून 'ज्ञानोदय' पत्र सुरू केलें. एकाच धर्माचे दोन प्रकारचे सेवक एकाच शहरांत होते: एक सरकारी पगारावर, दुसरे सरकारच्या संशयाखालीं. मराठी मुलामुलींच्या आयुष्यावर अधिक खोल ठसा कोणाचा उमटला, हें सांगण्याची गरज नाहीं.

राजाश्रयाची ही गांठही पुढें सुटली. १९२७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्यानें वेगळें होण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि १९३० पासून तें स्वतंत्र झालें. १९७० च्या नोव्हेंबरांत नागपूर येथें तें व इतर कित्येक मंडळ्या मिळून उत्तर भारताची संयुक्त मंडळी स्थापन झाली.

याच्याही आधीं एक गोष्ट घडली, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. भारताची राज्यघटना तयार होत असतां अल्पसंख्य धर्मीयांसाठीं कायदेमंडळांत राखीव जागा असाव्या कीं नसाव्या, हा प्रश्न निघाला. घटनासमितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते. फादर जेरोम डिसोझा हेही समितींत होते. या ख्रिस्ती पुढाऱ्यांनीं राखीव जागांचा आग्रह धरिला नाहीं, आणि १९४९ च्या मे महिन्यांत धर्मावर आधारलेल्या त्या जागा ठेवूं नयेत असा निर्णय झाला. इतकी लहान मंडळी, आणि तिनें हातीं येऊं पाहणारी सत्तेची खात्री सोडून शेजाऱ्यांच्या सद्भावावर विश्वास टाकिला! तिनें मागितलें तें एवढेंच कीं, प्रत्येकास आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणें धर्म मानण्याची, आचरण्याची व त्याचा प्रसार करण्याची मोकळीक असावी. ही मोकळीक २५ व्या कलमांत आहे. आणि ती केवळ ख्रिस्ती लोकांस नसून सर्वांस सारखी आहे. २७ व्या कलमाप्रमाणें कोणत्याही एका धर्माच्या संवर्धनार्थ कोणासही कर देण्याची सक्ति करतां येत नाहीं. चॅप्लेनांच्या पगाराचा अनुभव ध्यानांत घेतां या कलमाचें महत्त्व सहज कळेल. २८ व्या कलमाप्रमाणें, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवांचून धर्मशिक्षणास बसवितां येत नाहीं. हें कलम मिशनच्या शाळांवरही बंधनकारक आहे, आणि तें असावें हेंच योग्य आहे. कारण सक्तीनें ऐकलेलें शुभवर्तमान हें शुभवर्तमान राहत नाहीं.

७. तात्पर्य

आरंभींच्या कोड्याचें उत्तर आतां देतां येईल. ख्रिस्तमंडळी ही राज्याची स्वामिनी नव्हे. ती स्वामिनी झाली तेव्हां तिनें बन्यनसारख्यांस तुरुंगांत घातलें. ती राज्याची दासीही नव्हे. ती दासी झाली तेव्हां गुलामांच्या अंगावरील डाग तिला दिसले नाहींत. तिनें राज्याची साक्षीदार व्हावें. साक्षीदार न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसत नाहीं. पण पाहिलेलें खरें सांगितल्यावांचून राहत नाहीं. तिनें कर द्यावा, कायदा पाळावा, राज्यकर्त्यांसाठीं प्रार्थना करावी, दुष्काळांत व रोगराईंत सर्वांच्या आधीं धांवून जावें. आणि जेथें दुबळ्याची मेंढी हिरावली जाते तेथें नाथानाप्रमाणें दरबारांत उभें राहावें. ती मेंढी स्वतःच्या कळपांतली नसली तरीही उभें राहावें. किंबहुना तेव्हां तर अवश्य उभें राहावें, कारण स्वतःच्या कळपासाठीं कोणीही ओरडतो.

आमच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनीं सत्तेची हांव धरूं नये, आणि अल्पसंख्य म्हणून भयानें कोपऱ्यांतही बसूं नये. मत द्यावें, लोकसेवेंत शिरावें, अधिकाराची जागा मिळाली तर ती घ्यावी. पण ती जागा जाईल या भीतीनें खोटें पाहून डोळे मिटूं नयेत. आमच्या इतर धर्मीय विद्यार्थ्यांनींही हा इतिहास परक्या घरचा म्हणून सोडून देऊं नये. जो धर्म राज्याच्या आधारावर उभा राहूं पाहतो, मग त्याचें नांव कोणतेंही असो, त्यास हीच किंमत द्यावी लागते.

मननार्थ प्रश्न

१. मंडळीचें स्वातंत्र्य आणि मंडळीच्या सेवकांची सवलत यांतील भेद बेकेटच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.

२. १६७३ च्या कायद्यानें धर्माचें रक्षण झालें कीं हानि झाली? कारणें द्या.

३. बिशप बेल यांच्या भाषणाचा तात्काळ परिणाम झाला नाहीं. मग तें करण्यांत काय अर्थ होता?

४. १९४९ त राखीव जागांचा आग्रह न धरणाऱ्या ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या जागीं आपण असतां तर काय केलें असतें? आपल्याहून निराळ्या धर्माच्या मित्राशीं यावर चर्चा करून दोघांचेंही मत लिहा.